तीन केग, तीन दाब: डेन्व्हरच्या तळघरातल्या नोंदी

शनिवार, ६ एप्रिल २०२४

तळघरातल्या आडव्या फ्रीझरमध्ये तीन केग, म्हणजे दाब धरणारी स्टीलची पिंपं, मावतात. जुने कॉर्नेलियस केग, ५ गॅलनचे, म्हणजे १९ लिटरला जरासे कमी. सोड्याच्या दुकानांना गोड पाक पुरवण्यासाठी हे बनले होते. पाक पिशवी-खोक्यातून यायला लागला तशी ही भांडी मोडीत निघाली आणि घरी बिअर करणाऱ्यांच्या हाती आली. फ्रीझर आणि झाकण यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवून तिच्यात तीन तोट्या लावल्यात. तापमान बाहेरच्या कंट्रोलरवर ३८ अंश फॅरनहाइट, सेल्सिअसमध्ये साडेतीनच्या आत-बाहेर.

वर्षभर कार्बन डायऑक्साइडचा एक सिलिंडर, दाब ठरवणारा एक रेग्युलेटर आणि तिथून तीन फाटे अशी रचना होती. तिन्ही केगना एकच दाब, १२ पीएसआय (चौरस इंचाला पौंड). स्टाउट (काळी बिअर) जिभेला टोचायचा, गव्हाची बिअर मिळमिळीत लागायची, आणि तिसऱ्या केगमधला कोकम सोडा तर सोडा नव्हताच. बाबा रत्नागिरीहून तीन महिन्यांसाठी आलेत. ते बिअर घेत नाहीत, म्हणून तो केग त्यांच्यासाठी. पहिला पेला पिऊन म्हणाले, "सरबत छान झालंय." सरबत म्हणाले, तेव्हाच ठरवलं की तिघांना वेगवेगळा दाब द्यायचाच.

तिन्ही केग एकाच फ्रीझरमध्ये, त्यामुळे तापमान वेगळं ठेवता येत नाही. हातात राहतो फक्त दाब. पेयात किती वायू मुरलाय ते 'व्हॉल्यूम'मध्ये मोजतात: एक लिटर पेयात अडीच लिटर वायू म्हणजे अडीच व्हॉल्यूम. मला स्टाउट २ वर हवाय, गव्हाची बिअर ३ वर, सोडा ४ वर. ३८ अंशांना दाब-तापमानाच्या तक्त्यात यासाठी ६, १६.५ आणि २७ पीएसआय असे आकडे मिळतात.

पण हे आकडे समुद्रसपाटीचे. डेन्व्हर ५२८० फुटांवर आहे. इथे हवेचाच दाब १२.२ पीएसआयच्या आसपास, समुद्रसपाटीला १४.७. गेज, म्हणजे दाबाची तबकडी, बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतं, म्हणून इथे प्रत्येक आकड्यात अडीच मिळवायचे. वर्षभर मी हे मिळवलेलं नव्हतं. माझे खरे आकडे: स्टाउट ८.५, गहू १९, सोडा २९.५. सोड्याचे ३० धरतोय. पुण्यात कुणी करत असेल तर १८०० फुटांच्या उंचीला एक पीएसआय पुरे.

सेकंडरी रेग्युलेटर मागवला, म्हणजे मुख्य रेग्युलेटरच्या पुढे लागणारा, प्रत्येक केगला वेगळा दाब देणाऱ्या तीन बॉडींचा, १६५ डॉलर. नळी आणि क्लॅम्प २४ डॉलर. प्रत्येक फाट्यावर चेक व्हॉल्व्ह (वायू एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) असलेला महाग संच होता, तो घेतला नाही. हे लिहून ठेवतोय कारण ११ मेच्या नोंदीत त्याचं उत्तर आहे.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा. अमेरिकेत घरी बिअर करायला केंद्राच्या १९७८ च्या कायद्याने मोकळीक मिळाली. दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत, फक्त पिण्यापुरती, विक्री नाही. तुमच्याकडचे नियम तुम्ही बघा. सोड्याच्या केगचा भाग मात्र कुठेही जसाच्या तसा लागू पडेल.

शनिवार, १३ एप्रिल

जोडणी. दोन तास लागतील असा अंदाज होता, साडेचार लागले.

सिलिंडरवर मुख्य रेग्युलेटर, तिथून एक नळी सेकंडरीच्या तीन बॉडींकडे, प्रत्येक बॉडीतून एक नळी एका केगला. सेकंडरी फक्त दाब कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. म्हणून मुख्य रेग्युलेटर सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर हवा. सोड्याला ३० हवेत, तर मुख्य ४० वर. याहून वर नेलं नाही, कारण मुख्य रेग्युलेटरचा सेफ्टी व्हॉल्व्ह त्याहून थोड्याच जास्त दाबाला उघडतो.

सेकंडरी भिंतीवर स्क्रूने बसवला, सिलिंडर फ्रीझरच्या आत कोपऱ्यात. आटे दिसतील तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळला. चार-चार वेढे. जोड घट्ट बसले, हाताला बरं वाटलं.

संध्याकाळी तिन्ही गेजांवर हवे तसे आकडे दिसत होते. दिवा मालवून वर आलो.

सोमवार, १५ एप्रिल

सिलिंडर रिकामा. ५ पौंड कार्बन डायऑक्साइड दोन दिवसांत गेला. २८ डॉलर गेले, पण त्याचं तेवढं नाही.

आमचं तळघर बंदिस्त आहे. ५ पौंड म्हणजे सव्वा घनमीटरच्या आसपास वायू. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साठतो, त्याला वास नाही. लहान बंद खोलीत एवढा एकदम सुटला तर हवेतलं त्याचं प्रमाण चार टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, आणि ते माणसाला धोक्याचं आहे. शनिवारी रात्री आणि रविवारी दिवसभर मुलगी तिथेच जमिनीवर बसून ठोकळ्यांशी खेळत होती. गळती हळूहळू होती आणि जिन्याचं दार उघडं होतं, म्हणून निभावलं. आज पहिल्यांदा कार्बन डायऑक्साइडचा अलार्म आणला, ६२ डॉलर, आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर लावला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात आधीपासून आहे, पण त्याचा इथे काही उपयोग नाही. तो वायू वेगळा. हे काम करणाऱ्याने रेग्युलेटरच्या आधी हा अलार्म घ्यावा. मी उलट क्रमाने घेतला.

गळती कुठे ते शोधत जोडांना कान लावत होतो. बाबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून बघत होते. म्हणाले, "अरे, घरी सिलिंडर बदलला की आई काय करते? साबणाचं पाणी लाव की."

सिलिंडर रिकामा, त्यामुळे आज लावून उपयोग नव्हता. भरून आणायला शनिवार उजाडणार.

शनिवार, २० एप्रिल

सिलिंडर भरून आणला. आणखी २८ डॉलर. वाटीत भांडी घासायचं साबणपाणी, हातात जुना टूथब्रश, आणि बाबा टॉर्च धरून. एकेक जोड.

पहिली गळती सेकंडरीच्या आउटलेटवर, तिन्ही ठिकाणी. हे फ्लेअरचे जोड. यात आटे वायू अडवत नाहीत, ते फक्त दोन शंकू एकमेकांवर दाबून धरतात. वायू अडतो तो शंकूच्या टोकाशी. आट्यांवर टेप गुंडाळला की नट पुरता आत जात नाही आणि शंकू नीट टेकत नाहीत. घट्ट लागतो तो टेप, जोड नव्हे. टेप सोलून काढला, प्रत्येक नटात छोटा नायलॉनचा वॉशर घातला, हाताने आवळून वर पान्याने पाव फेरा. बुडबुडे बंद. टेप फक्त निमुळत्या पाइप-आट्यांवर चालतो, आणि तिथेही टोकाकडचे पहिले दोन आटे मोकळे सोडायचे. हे मी सोडले नव्हते. त्याचा हिशेब पुढे आला.

दुसरी गळती सिलिंडर आणि मुख्य रेग्युलेटर यांच्यामध्ये. तिथला वॉशर दर भरणीला नवा टाकायचा असतो. माझा दोन वर्षांचा, चेपून कागदासारखा झालेला. नवा टाकला. रेग्युलेटरबरोबर एक सुटा मिळतोच, तो ड्रॉवरमध्ये तसाच पडून होता.

तिसरी गळती सगळ्यात जास्त वेळ खाणारी. स्टाउटच्या केगच्या झाकणाभोवती बारीक, सायीसारखा फेस येत होता, तोही फक्त एका बाजूला. गहू आणि सोड्याची झाकणं कोरडी. झाकणाची रबरी रिंग तिन्ही केगना सारखीच. मग कळलं की या झाकणाला आतल्या दाबानेच वर ढकलून बसवलेलं असतं. १९ आणि ३० ला ते आपसूक बसतं, साडेआठला नाही. उपाय असा: रिंगला खाद्य दर्जाचं सिलिकॉन ग्रीस लावायचं, झाकण बंद करून एकदा ३० पीएसआयचा झटका द्यायचा, 'टक्' असा आवाज येतो, मग दाब सोडून साडेआठवर आणायचा. एकदा बसलं की कमी दाबालाही बसलेलं राहतं. कमी दाबाचा केग ठेवणाऱ्याने हे आधीच करून टाकावं.

रात्री सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि सगळ्या गेजांचे फोटो काढून ठेवले.

रविवार, २१ एप्रिल

सकाळी सहाला खाली गेलो. फोटो आणि गेज जुळतात. रात्रभरात सुई हलली नाही. पहिला रविवार जो सुखाचा गेला.

मंगळवार, २३ एप्रिल

अर्धा दिवस वाया. कामावरून येऊन बघतो तर मुख्य रेग्युलेटरवर सिलिंडरच्या बाजूचं गेज ८४० वरून ५४० वर. परत गळती, असं धरून सगळं सोडलं, सिलिंडर गाडीत टाकून दुकानात नेला. दुकानदाराने काट्यावर ठेवला: १२.४ पौंड. सिलिंडरच्या खांद्यावर 'टीडब्ल्यू' म्हणून ७.५ कोरलेलं आहे, ते रिकाम्याचं वजन. म्हणजे आत ४.९ पौंड. भरलेला.

सिलिंडरमध्ये बराचसा कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. द्रव शिल्लक आहे तोवर त्याच्यावरचा दाब तापमानावर ठरतो, शिल्लक किती यावर नाही. ७० अंश फॅरनहाइटला ८४० च्या आसपास, ३८ अंशांना ५४० च्या आसपास. शनिवारी सिलिंडर खोलीत भरून ठेवलेला होता, रविवारी झाकण लावल्यावर तो फ्रीझरमध्ये गार झाला, एवढंच. हे गेज गॅस संपत आल्याचं सांगतं ते अगदी शेवटी, द्रव संपल्यावर. त्यामुळे आता ते बघणं सोडलं. किचनमधला बॅगांचा लटकता काटा तळघरात आणून ठेवलाय.

सिलिंडरही फ्रीझरच्या बाहेर काढला. आतल्या ओलाव्याने रेग्युलेटरच्या स्क्रूवर गंज दिसायला लागला होता. लाकडी चौकटीला भोक पाडून नळ्या आत घेतल्या, भोक फोमने बुजवलं. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधला, उभा.

शनिवार, २७ एप्रिल

स्टाउट अजून टोचतोय. गेज साडेआठ दाखवतंय आणि पेल्यात पाऊणभर फेस.

सेकंडरीचं गेज ० ते ६० चं आहे. त्यावरची एक बारीक रेघ २ पीएसआयची. साडेआठ तिथे वाचणं म्हणजे अंदाजच. म्हणून केगच्या वायूच्या तोंडावर थेट बसणारं छोटं गेज आणलं, ० ते ३० चं, १६ डॉलर. नळी काढून ते लावलं. स्टाउट केगमधला खरा दाब १२.

एवढे दिवस मी धरून चाललो होतो की घुंडी साडेआठवर आणली म्हणजे केग साडेआठवर आला. केग आधी वर्षभर १२ वर होता. घुंडी उलटी फिरवल्याने रेग्युलेटर फक्त नवीन वायू द्यायचा थांबतो. आत साठलेला वायू तो परत घेत नाही. तो आपणच सोडायचा. आणि एकदा सोडून भागत नाही: वरची पोकळी रिकामी केली की स्टाउटमध्ये मुरलेला वायू बाहेर येऊन ती परत भरतो. गहू आणि सोडा यांचा दाब वाढवायचा होता, म्हणून तिकडे ही अडचण आलीच नाही.

केलं ते असं. नळी काढली. झाकणावरची कडी ओढून दाब सोडला. दोन तासांनी थेट गेज लावलं: ११. परत सोडला. झोपण्याआधी १०.५. कडी सावकाश ओढायची, फेस तोंडाशी आला तर झाकणाच्या व्हॉल्व्हमध्ये बिअर अडकते आणि नंतर तो चिकटतो.

सोमवार, २९ एप्रिल

नऊ वेळा सोडल्यावर स्टाउट साडेआठवर टिकला. मग घुंडी पूर्ण सैल केली, नळीतला वायू सोडला, आणि खालून वर चढवत साडेआठवर आणून लॉकनट आवळला. वरून खाली यायचं नाही, नेहमी खालून वर. वरून खाली येताना सुई जिथे थांबते तो रेग्युलेटरचा आकडा नसतो, नळीत कोंडलेल्या वायूचा असतो.

शनिवार, ४ मे

थेट गेज: स्टाउट १३.

हे वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. घुंडीला हात लावलेला नाही, लॉकनट जागच्या जागी. म्हणजे बॉडी स्वतःहून दाब चढवतेय.

तपासायला केगची नळी काढून घेतली, बॉडीवर साडेआठ लावले आणि दर दहा मिनिटांनी कागदावर लिहीत गेलो. ८.५, ९, ९, १०, १०, ११. तासाभरात साडेअकरा. आतली सीट नीट बंद होत नाही आणि ४० च्या बाजूचा वायू पाझरतोय. गव्हाच्या आणि सोड्याच्या बॉडीवर हीच तपासणी केली, दोन्ही स्थिर.

गॅस बंद करून, सगळा दाब सोडून बॉडी उघडली. वरची टोपी, स्प्रिंग, पडदा, खाली सीट. सीटच्या काठावर पांढरा धागा. नखाच्या टोकाएवढा, केसाहून जरा जाड. टेफ्लॉन टेपचा. १३ एप्रिलला पाइप-आट्यांवर अगदी टोकापर्यंत टेप गुंडाळला, त्याची कड आत घुसली, फाटली, आणि वायूबरोबर वाहत जाऊन नेमकी सीटवर बसली. चिमट्याने काढला. सीटवर त्याचा बारीक वण उमटलाय, पण रबर चिरलेलं नाही. अल्कोहोलने पुसून परत जोडली.

पुन्हा तासभर कागद घेऊन बसलो. ८.५, सहा वेळा.

रेग्युलेटर नवा असो की जुना, केगला जोडण्याआधी तासभर अशी एकट्याची परीक्षा घ्यावी. मी ती १३ तारखेलाच घेतली असती तर तीन आठवडे स्टाउटला दोष देत बसलो नसतो. स्टाउटमध्ये काही चूक नव्हतीच.

तो धागा सेलोटेपने वहीत चिकटवून ठेवलाय.

मंगळवार, ७ मे

चार दिवसांत पुन्हा तीनदा कडी ओढावी लागली. स्टाउट ८.५ वर. पहिल्यांदा पेल्यात बोटभर साय, आणि खाली काळा, गुळगुळीत. कॉफीचा कडवटपणा आता कळतो. आधी तो वायूच्या आंबटपणाखाली दबून जात होता.

शनिवार, ११ मे

नवा कोकम सोडा. आईने बाबांबरोबर आगळाच्या दोन बाटल्या दिल्या होत्या, पण त्या वापरल्या नाहीत. आगळात मीठ असतं. आंबट आणि खारट एकत्र, आठवडेच्या आठवडे स्टेनलेस स्टीलमध्ये, म्हणजे बारीक खड्डे पडायला आमंत्रण. आगळाची सोलकढी झाली. केगसाठी इंडियन स्टोअरमधून बिनमिठाचं, साखरेतलं अमृत कोकम आणलं. मीठ आणि भरडलेलं जिरं पेल्यात ज्याचं त्याने घालायचं. पाक दोनदा मलमलच्या फडक्यातून गाळला. गाळ राहिला तर तोटीकडच्या नळीच्या तोंडाशी अडकतो.

केग गळ्यापर्यंत भरला. इथे चुकलो. वायू आत येण्याची नळी आखूड असते, पण असते. पेय तिच्या तोंडाच्या खाली राहायला हवं. माझं वर गेलं.

दुपारी दुसऱ्या एका जोडासाठी गॅस बंद करून नळ्या रिकाम्या केल्या होत्या. काम संपलं, सोड्याची नळी आधी केगवर खटकन बसवली, गॅस नंतर उघडणार होतो. केगमध्ये ३०, नळीत शून्य. आमच्या वायूच्या नळ्या पारदर्शक आहेत. कोकम नळीतून उलटं चढलं. जांभळट लाल रेघ फ्रीझरच्या कडेवरून, भोकातून, भिंतीवर वर वर जाताना डोळ्यांदेखत दिसली. बॉडीपासून वीतभर अलीकडे थांबली, कारण नळीतली हवाच दाबली जाऊन ३० ला पोचली होती. नळी आणखी आखूड असती तर साखरेचा पाक रेग्युलेटरमध्ये गेला असता आणि ती बॉडी फेकावी लागली असती.

नळी दोन्हीकडून सोडवली, गरम पाण्याने चार वेळा धुतली, डाग तरी राहिलाच. केगमधून अर्धा लिटर काढला. आणि तीन चेक व्हॉल्व्ह मागवले, २१ डॉलर. बाण केगच्या दिशेने ठेवून बसवायचे. आता नियम असा: नळी केगवर बसवण्याआधी तिच्यात केगइतका किंवा जास्त दाब आहे याची खात्री करायची. गॅस आधी, केग नंतर.

चेक व्हॉल्व्हची एक अडचणही सांगून ठेवतो. तो बसवला की सेकंडरीचं गेज केगमधला वाढलेला दाब दाखवूच शकत नाही, वायू उलट येत नाही ना. म्हणजे थेट गेज आता जास्तच लागणार.

शनिवार, १८ मे

दाब बरोबर, ओतताना फेस. गव्हाच्या बिअरला १० फुटांची, ३/१६ इंच व्यासाची नळी होती. १२ वर ती चालायची, १९ वर नुसता फेसाचा फवारा. दाब वाढवला की पेय तोटीशी जोरात पोचतं आणि तिथे फुटतं. नळी लांब केली की घर्षणाने तो जोर कमी होतो. आणि डेन्व्हरचे जादा अडीच पीएसआय इथेही मोजावे लागतात, वायू मुरवायला लागणारा दाब तोच पेय ढकलतो. खाली राहणाऱ्यांच्या नळीच्या मापाने इथे जमत नाही.

नळी ३१ डॉलरची आणली. आधी लांब कापून मग एकेक फूट कमी करत गेलो. उलटं करता येत नाही. गहू १६ फुटांवर बसला. स्टाउटला ८ फूट पुरले. सोड्याला २८ फूट, केगभोवती वेटोळी करून बांधले. वेटोळं केगच्या तळाशी नीट आडवं ठेवायचं. वर लोंबकळलं तर उबदार भागात वायू सुटून पहिला पेला वाया जातो. झाकणाजवळ आणि तळाशी सहा अंशांचा फरक होता, कॉम्प्युटरमधला जुना पंखा आत लावल्यावर दोनवर आला.

कोकम ज्या नळीतून गेलं ती आता कायम कोकमाचीच. वास जात नाही.

सोमवार, २७ मे

मेमोरियल डेची सुट्टी. आमच्याकडे पंधरा माणसं. सकाळी थेट गेज लावून तिन्ही तपासले: ८.५, १९, २९. काही हात लावला नाही.

गव्हाच्या बिअरचा पेला उन्हात धरला तर तळापासून बुडबुड्यांच्या बारीक माळा वर येत होत्या. दहा-बारा माणसं तोट्यांशी होती तेव्हाही तिन्ही दाब आपापल्या जागी राहिले. सोडा जोरात चालू असताना स्टाउटचं गेज हलेल अशी मला भीती होती. हललं नाही.

बाबांनी स्वतः तोटी ओढली. चिमूटभर जिरं, मीठ. मीठ पडताच सोडा फसफसून वर आला, त्यांनी घाईने तोंड लावलं आणि डोळे मिटले. नाकात गेला होता. मग म्हणाले, "आमच्या बाजारात गोटी सोडा मिळायचा, बोटाने गोटी दाबली की असाच यायचा." दुसरा पेला भरायला गेले तेव्हा मुलीलाही बरोबर घेऊन गेले, तोटी कशी पूर्ण ओढायची ते दाखवायला. अर्धी ओढली की फेस होतो, हे त्यांनी तोवर ओळखलं होतं.

शनिवार, ८ जून

सिलिंडर काट्यावर: ११.५ पौंड. २३ एप्रिलला १२.४ होता. सात आठवड्यांना थोडा कमी काळ, स्टाउट आणि गहू वाटून, एक नवा केग कोकम मुरवून, ०.९ पौंड गेला. गळती नसल्याचा यापेक्षा चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

एकूण खर्च: सेकंडरी १६५, नळ्या आणि क्लॅम्प २४, गॅस ५६, अलार्म ६२, थेट गेज १६, चेक व्हॉल्व्ह २१, पेयाची नळी ३१. ३७५ डॉलर. यातले २८ निव्वळ गळतीचे.

स्टाउटचा केग संपत आलाय. धुऊन ठेवताना त्याच्या झाकणाची रिंग बदलणार आहे, नवी भरली की आधी ३० चा झटका, मग साडेआठ. बाबांचं तिकीट २९ तारखेचं. कोकमाचे अजून सात-आठ लिटर आहेत.